साडेतीन इंचाची पुली

नाना, ती पुली साडेतीन इंचाची नव्हती. साडेचार इंचाची होती.

झालं, सांगून टाकलं. अकरा वर्षं हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येत होतं आणि तुमच्यासमोर बसलो की मी ते चहाबरोबर गिळत होतो. आता ऐकायला तुम्ही नाही, तर कसं बिनबोभाट बाहेर आलं बघा! वा रे मर्दगडी! लेथवर लोखंडाची तापलेली चीप गळ्याजवळून उडाली तरी मी हलत नाही, आणि तुम्हाला एक आकडा सांगायला माझी फाटली.

तुमच्या शाळेतले लोक आले होते. तुमच्यावर स्मरणिका काढतायत. म्हणाले, "रघुनाथभाऊ, तुम्ही सरांचे जुने दोस्त, दोन पानं लिहा." जन्म कुठे झाला, पदव्या कोणत्या, किती पोरं बोर्डात चमकली, ते सगळं लिहिणारे दुसरे आहेत. मी टर्नर माणूस, सातवी पास, लेथवर जन्म गेला. माझ्याकडे लिहायला एक पुलीच आहे. तुमची चूक नसताना तुम्ही ती चारचौघांत पदरात घेतलीत, तेव्हा माझी चूक मीही चारचौघांतच सांगायला हवी. छापायचं तर छापतील, नाहीतर फाडून टाकतील.

तुम्हाला गाडी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना कळायला हवी. शेवाळी रंगाची, गोल पाठीची, आणि पुढून नाक असं की आपल्याकडे त्या मॉडेलला सरसकट डुक्करच म्हणत. धुळ्यातल्या एका कापूसवाल्याने कंटाळून काढली आणि तुम्ही घेतलीत. शाळेतले बाकीचे सर स्कूटरसाठी नंबर लावून बसले होते, आणि तुम्ही तीस वर्षांची म्हातारी घरात आणलीत. अकराशे सीसीचं इंजिन. सपाटीवर गरीब गाय. पण वहिनींचं माहेर कन्नडचं, म्हणजे वर्षातून तीनदा चाळीसगाव सोडून घाट चढणं आलं. दर वेळी चौथ्या वळणावर गाडी उकळायची. बोनेटमधून वाफ, तुम्ही हातात फडकं घेऊन उभे, वहिनी पाण्याचा डबा घेऊन खाली, आणि केळी लादलेले ट्रक ओलांडून जाताना क्लीनर लोक मुद्दाम हात हलवणार. वर घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी तुमचे मेहुणे वाट बघत असायचे. "दाजी, ताईला पायी आणलं का गाडीने?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तुम्ही हसायचात. पण धुळ्याला परत येईपर्यंत तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हतात, हे मला वहिनींनीच सांगितलेलं आहे.

एका रविवारी सकाळी तुम्ही वही घेऊन माझ्या दुकानात आलात. शाळेत तुमची भाषा पुस्तकासारखी, पण डोक्यात काही शिरलं की साक्रीकडची बोली बाहेर यायची. "रघू, गाडीले दम लागस रे, तिले हवा पुरत नही!" मी म्हणालो, मग गाडीच्या तोंडाला पंखा लावा. तुम्ही टाळीच दिलीत. "तेच! तेच करणार आहोत."

मग स्टुलावर बसून तुम्ही मला समजावलंत. इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं. आपण इंजिनाच्याच पट्ट्यावर एक ब्लोअर फिरवायचा आणि हवा आत ढकलायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. अकराशेचं इंजिन घाटापुरतं पंधराशेचं होतं. परदेशात हे पन्नास वर्षांपासून करतात म्हणालात. याला सुपरचार्जर म्हणतात, असंही म्हणालात.

मी म्हणालो, "नाना, म्हातारीला नऊवारी नेसवून पळायच्या शर्यतीत उभी करताय. बेअरिंगं बघा तिची. फुटेल."

"कितीवर फुटेल?"

"आता ते मी काय सांगू! फुटेल एवढं नक्की."

"आकडा सांग रघू. भीती नको सांगू."

आपलं भांडण सुरू झालं ते तिथून. तुमच्याकडे वही होती आणि माझ्याकडे हात होते. मी म्हणायचो, लोखंड माझ्या हाताला बोलतं. तुम्ही म्हणायचात, बोलत असेल, पण ते किती पौंडाला बोलतं ते विचार. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना हा फुकटचा तमाशाच झाला. तेही माझ्या बाजूचे. "सर, खडू धरा खडू," असं तुमच्या पाठीमागे म्हणायचे आणि मी हसायचो. तुमच्या तोंडावर कधी नाही हसलो. पाठीमागे हसलो. तेही आज लिहून ठेवतो.

ब्लोअर आणायला आपण नशिराबादला गेलो होतो, आठवतं? जळगावच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा माल तिथल्या भंगारवाल्याकडे उतरला होता. ढिगाऱ्यात तुम्ही पांढऱ्या शर्टात गुडघ्यावर बसलात आणि ते धूड बाहेर ओढलंत. आत मराठी चारच्या आकड्यासारखे, नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन रोटर, एकमेकांना न शिवता फिरणारे. तुम्ही हाताने फिरवले तर दुसऱ्या बाजूने तुमच्या बाहीला वारा लागला. काय चेहरा झाला होता तुमचा! येताना एसटीत ते पोत्यात घालून आपल्या दोघांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, यात काय आहे?" तुम्ही म्हणालात, "वारा." तो म्हणाला, "वाऱ्याचं वजन दिसतंय मोठं, लगेज लागेल." पारोळ्यापर्यंत आपण हसत होतो.

त्यानंतर किती रविवार गेले. मी कान धरून कबूल करतो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार. वहिनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवायच्या. इंजिनाच्या डोक्याखाली घालायला मी तांब्याची प्लेट केली, म्हणजे आतला दाब थोडा कमी होऊन जादा हवेला जागा मिळेल. हा तुमचाच हिशोब. ब्लोअर धरायला लोखंडी ब्रॅकेट केला. आणि काम करता करता तुम्ही मला गुणोत्तर शिकवलंत. लहान पुली, जास्त फेरे. मोठी पुली, कमी फेरे. मी तोवर चुडी, म्हणजे बोल्टाचे आटे, काढायचे तर गिअर अंदाजाने लावून बघायचो, जमलं तर जमलं. तुम्ही खडूने लेथच्या पत्र्यावर मांडून दाखवलंत आणि वीस वर्षांचं माझं आंधळेपण दोन रविवारांत गेलं. त्यानंतर शेजारचे टर्नर माझ्याकडे विचारायला यायला लागले. माझं नाव झालं ते तुमच्यामुळे. ज्या गुणोत्तराने मी तुम्हाला फसवलं ना नाना, ते मला तुम्हीच शिकवलं होतं.

तुमची एक सवय मला सुरुवातीला खटकायची. तुमच्या खिशात व्हर्नियर असायचा. भंगारवाल्याकडची प्रत्येक वस्तू तुम्ही मोजलीत. बाजारातून आणलेले बोल्टसुद्धा मोजलेत. पण मी केलेला भाग हातात दिला की तुम्ही तो फक्त फडक्याने पुसायचात आणि बाजूला ठेवायचात. मी एकदा म्हणालो, "मोजा की, माप बरोबर आहे का बघा."

"तुन्हा हातनं शे ना? मंग मोजानं काय!"

मला बरं वाटलं, पण मी आपला हट्टी, म्हणालो, "तरी पण. माणूस आहे, चुकतो."

तेव्हा तुम्ही हातातलं फडकं ठेवलंत आणि साध्या आवाजात सांगितलंत. शाळेत नवीन लागलात तेव्हा तुम्ही तपासलेले गणिताचे पेपर हेडमास्तर दुसऱ्या सरांकडून परत तपासून घ्यायचे. फक्त तुमचे. दोन वर्षं. "एक मार्क कधी बदलला नाही रघू, तरी दोन वर्षं. त्या दिवसांत मी ठरवलं, ज्याच्यावर आपला भरवसा आहे त्याचं काम परत मोजायचं नाही. परत मोजणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे." फक्त तुमचेच का, ते तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. आपण दोघंही याच मातीत वाढलेले. मला न विचारता कळलं.

आणि हे कळल्यावर मी ते केलं. आधी नाही, नंतर.

शेवटचं काम उरलं होतं ब्लोअरच्या पुलीचं. तुम्ही खडूने लेथच्या पत्र्यावर लिहून गेलात, साडेतीन इंच. खाली दोन रेघा मारल्यात. "यावर सगळं आहे," म्हणालात. "साडेतीनला सहा पौंड दाब येईल. सहा पौंडात तिसऱ्या गिअरमध्ये घाट." त्याच आठवड्यात वहिनी दुकानावरून जाताना थांबल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, इंजिनाला काही होऊ देऊ नका हं, मला ह्याच गाडीने माहेरी जायचंय." बस, एवढंच. हसत म्हणाल्या होत्या. मी नंतर अकरा वर्षं ते वाक्य ढालीसारखं धरून बसलो. मनाला सांगायचो, वहिनींनी सांगितलं होतं, इंजिन जपायचं होतं, भल्यासाठी केलं.

साफ खोटं. इंजिनाची काळजी असती तर मी तुम्हाला तोंडावर म्हणालो असतो, नाना, आधी चारची लावून बघू. तुम्ही कुरकुरत का होईना, ऐकलं असतंत. खरं कारण वेगळंच. सगळ्या गल्लीत मी सांगून बसलो होतो की हे होणार नाही. आणि सातवी शिकलेल्या माणसाला एकदा, फक्त एकदा, बघायचं होतं की वहीवाल्याचं गणित तोंडावर पडतं. मला जिंकायचं होतं, नाना. तुमच्याशी.

म्हणून लेथच्या चकमध्ये तुकडा धरला आणि साडेचारला थांबलो. मोठी पुली, कमी फेरे, कमी हवा. एक इंच डोळ्यालाही दिसतो, हे मला कळत होतं. म्हणून वरून पत्र्याचं गार्ड केलं. "बोटं जातील कुणाची," असं तुम्हाला सांगितलं. पट्टा मीच त्या मापाचा शोधून आणला, मीच बसवला. तुम्ही गार्डवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "बघ, मला हे सुचलंच नसतं. तू जीव लावून काम करतोस." नाना, तुम्ही हे म्हणालात. मी तिथेच उभा होतो आणि हात पुसत होतो.

मग तो घाट. तुम्ही चालवताय, शेजारी मी, मागे वहिनी डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन. तुम्ही कॅन घेऊ नका म्हणालात, त्या म्हणाल्या असू द्या. समोर तुम्ही दाबाचं मीटर बसवलं होतं, सहावर लाल रंगाची खूण. पायथ्याला गाडी थांबवून तुम्ही स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केलात. तुम्ही, जे कशालाच नमस्कार करत नव्हतात! तिसरा गिअर. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खरंच नेहमीपेक्षा बरी चढत होती. तुमच्या ओठांवर हसू होतं. पण काटा वर येईना. दीडच्या जरासा खाली येऊन तो बसला तो बसलाच. तुम्ही पाय दाबत होतात आणि काट्याकडे बघत होतात. "चढ ना, चढ," असं तुम्ही काट्याला म्हणत होतात. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिसऱ्या वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला. चौथ्या वळणावर उकळली. त्याच दगडापाशी, जिथे दर वेळी उकळायची. वहिनी कॅन घेऊन उतरल्या.

घाटमाथ्यावर मेहुणे होते, टपरीवाला होता, आणखी पाच-सात जण. मेहुण्यांनी बोनेट उघडायला लावलं. "काय दाजी, पंप बसवलाय म्हणे? सायकलचा का स्टोव्हचा?" सगळे हसले. तुम्ही घाम पुसलात. आणि मास्तर वर्गात बोलतो तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "गणित माझं चुकलं. यांच्या कामात काही खोट नाही. यांचं काम सोन्यासारखं आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

त्या वेळी मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "मी सांगत होतो ना, नाना."

परतीच्या वाटेवर वहिनींना झोप लागली होती. पार तरवाड्याजवळ तुम्ही एवढंच बोललात, "कोठे चुकनं रे मन्हं?" मी म्हणालो, जाऊ द्या. दुसऱ्या रविवारी ब्लोअर काढायला मीच आलो. तो तुमच्या पलंगाखाली गेला. पुली मी "कामाला येईल" म्हणून पिशवीत टाकली आणि दुकानात चिंध्यांच्या खोक्यात तळाशी ठेवली. पुन्हा तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत. रविवारी यायचात, चहा व्हायचा, शाळेच्या गोष्टी व्हायच्या. आपल्यात काही बिनसलं नाही. तेच तर वाईट. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता खरं बाहेर पडलं असतं.

बोलायचं ठरवून मी तुमच्या दारात किती वेळा आलो ते सांगत नाही. एकदा तर आत येऊन बसलो, आणि तुम्ही दहावीचे पेपर तपासत होतात. एक गठ्ठा संपला तसा तुम्ही तोच गठ्ठा पुन्हा समोर ओढलात. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "आता दोनदा बघतो रे. वय झालं, चुका होतात." तुमचं वय तेव्हा पन्नाससुद्धा नव्हतं. हेडमास्तरांनी दोन वर्षं जे तुमच्याशी केलं, ते माझ्यामुळे तुम्ही स्वतःच स्वतःला करायला लागलात. मी चहा पिऊन घरी आलो.

दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती. दुपारची भेटायची वेळ. सिलिंडरवरच्या मीटरकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "रघू, बघ, शेवटी मालेच ब्लोअर लागना." मला हसू पण आलं आणि डोळे पण भरले. म्हटलं आता. म्हटलं, "नाना, त्या पुलीचं..." तुम्ही हात हलवलात. "राहू दे. तुन्हं बठ्ठं बरोबर व्हतं." सगळं माझं बरोबर होतं म्हणे! तेवढ्यात नर्स आली, तुम्हाला कुशीवर करायचं होतं. मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा कॉट मोकळी होती आणि चादर बदललेली होती.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी त्रिसरण, पंचशील दिलं. तुमचे विद्यार्थी उठून बोलले. एक इंजिनीअर झालेला मुलगा म्हणाला, सरांनी शिकवलं की उत्तर चुकलं तर आधी स्वतःला विचारा. मी मान खाली घालून बसलो. लोक गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं आणि तुमची वही आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. "हे तुमच्यासाठी. म्हणायचे, रघूला दाखवीन, त्याला चूक सापडेल. पण आधी मी शोधतो, नाहीतर तो पुन्हा म्हणेल मी सांगत होतो ना."

अकरा वर्षांची वही, नाना. निळी शाई, काळी शाई, पेन्सिल. प्रत्येक पानावर तेच गणित, आणि खाली यादी. पट्टा घसरत असेल? मीटर खोटं असेल? रोटरमधली फट जास्त असेल? चाळीसगावची हवा उन्हाने पातळ? पेट्रोलात भेसळ? ब्लोअरच्या पोटात पाणी भरून तुम्ही त्याचं माप तीनदा घेतलंत, तिन्ही तारखा आहेत. तांब्याच्या प्लेटच्या जागेचा हिशोब चार पद्धतींनी. प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. आणि प्रत्येक पानावर, सगळ्यात वर, एक ओळ: "पुली साडेतीन. रघूची." तिथे प्रश्नचिन्ह नाही. मी सगळी पानं उलटली. एकाही पानावर नाही.

मी वहिनींना तिथेच सांगितलं. खाली बसून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "अकरा वर्षं, भाऊ?" आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. मला वाटलं आता मला जा म्हणतील, आणि म्हणायलाच हवं होतं. त्या बाहेर आल्या तर हातात तुमची पेन्सिल होती.

"टाका तो आकडा. मला बघायचंय."

वहीच्या मागे एक कोरं पान होतं. तुम्ही शिकवलं होतं तसं मी मांडलं. तुमचंच सूत्र, तुमचेच सगळे आकडे, एकही बदलला नाही. फक्त साडेतीनच्या जागी साडेचार. गुणाकार चार ओळी गेला. वहिनी माझ्या बाजूला बसून प्रत्येक आकडा बघत होत्या. त्यांना यातलं काही कळत नाही, पण त्या बघत होत्या. उत्तर आलं एक पौंड आणि वर चार दशांश. घाटात काटा जिथे बसला होता, तिथेच. दीडच्या जरासा खाली.

तुमच्या वहीने तो घाट बरोबर सांगितला होता, नाना. माझ्या खोट्या पुलीसकट बरोबर सांगितला होता.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "नक्की ना? परत एकदा करून बघा."

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हणालो, "नाही वहिनी. नानांचं गणित आहे. परत तपासायचं नाही."